गिरणीतल्या आगीची दुसरी साक्ष

मी, लोइस थॅक्स्टर, वय ८१, राहणार कॉर्डवेल फॉल्स, मेन राज्य, इतिहास लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे लेख कापण्यात जन्म घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाचेही न ऐकता (तशी सवयच नाही) माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते.

१. घर, कागदपत्रे आणि बँकेतली शिल्लक गावच्या इतिहास मंडळाला द्यावी. भाचा क्विन्सी याला फक्त बर्फ उपसायचे फावडे. "मावशी, तू गेलीस की ही रद्दी शेगडीत घालतो," असे तो माझ्याच हातचे शिंपल्यांचे सूप ओरपत म्हणाला होता.

२. माझी निळी पेन्सिल मुद्रक आर्मां पेल्तिए यांना. आमच्या त्रैमासिकाची प्रुफे ते आणत आणि मी ती निळी करून परत पाठवी. ते म्हणत, "बाई, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दारावरची पाटी दुरुस्त कराल."

३. गावच्या कापडगिरणीच्या आगीत मेलेल्यांची यादी मी छापली, तीत डेलिया क्वर्क हे नाव नाही. ती नुकतीच कामाला लागली होती, पगारपत्रकावर चढली नव्हती. आगीतून वाचलेल्या एका म्हातारीने तेवढे मला तिचे नाव सांगितले होते. दोन साक्षी असल्याशिवाय मी काही छापत नाही.

यादी निघाल्यापासून माझ्या समोरच्या खुर्चीत करपलेला कापूस पडलेला असतो. गिरणी बंद पडून जमाना झाला. गेल्या पानगळीत डेलिया स्वतःच त्या खुर्चीत येऊन बसली.

"माझं नाव?"

"दुसरा साक्षीदार आण, पोरी."

"बाई, बाकीच्या सगळ्या माझ्याबरोबरच जळाल्या."

मी भ्यायले नाही, रडले. म्हणून लिहिते: मी तिला पाहिले आहे. ही दुसरी साक्ष. मंडळाने तिचे नाव यादीत छापावे.

४. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; कायदा माझ्याइतकाच हट्टी आहे. आर्मां आले आहेत, पाद्रीबाबा हिमवादळात अडकले. "उद्या करू की," आर्मां म्हणतात. माझ्या छातीचा उद्यावर भरवसा नाही. हे अपुरे राहिले तर सगळे क्विन्सीचे, म्हणजे शेगडीचे, आणि डेलिया पुन्हा जळेल.

आर्मां आत्ता विचारताहेत, "बाई, काही करपतंय का?"

मी सही करते आणि दौत समोरच्या खुर्चीकडे सरकवते.

स्थळ: कॉर्डवेल फॉल्स
दिनांक: ११ फेब्रुवारी १९८४
सही: लोइस थॅक्स्टर

साक्षीदार:
१. आर्मां पेल्तिए, मुद्रक. खालची सही माझ्या डोळ्यांदेखत झाली.
२. डेलिया क्वर्क, विणकर.