उलटा पंख

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि ते दोन दिवस मी अजून कोणाला नीट सांगितलेले नाहीत. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमुळे मी जपानमध्ये, ओजिमाला आले. जपानी जेमतेम येत होतं. तुमच्या छोट्या संग्रहालयात आठवड्यातून तीन दिवस झाडलोटीचं काम मिळालं. तुम्ही तिथे फुटकी भांडी आणि मूर्ती सांधत असा, कोणाशी फारसं न बोलता. त्या मंगळवारी मी चिनी दालनातल्या काचा पुसत होते. आत थडग्याची राखण करणारा मातीचा प्राणी होता, सिंहाच्या तोंडाचा, खांद्यांना पंख असलेला. अंगावरची हिरवी-पिवळी झिलई सगळीकडे खाली ओघळली होती. डाव्या पंखावर मात्र ओघळ वर चढत होते. माझं माहेर पेणचं, गणपतींच्या कारखान्यातलं. ओघळलेला रंग टिपून घेणं हे लहानपणी माझं काम. रंग वर चढत नाही, एवढं मला कळत होतं.

"सेन्सेई, तो पंख उलटा आहे," मी म्हटलं. तुम्ही मान वर केली नाहीत. "तुमचं काम काचा पुसायचं आहे." घरी येऊन मी नोकरी सोडायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "निदान सांगून तरी ये." म्हणून गुरुवारी आले. पाहते तर तो प्राणी तुमच्या टेबलावर, पंख सुटा केलेला. तुम्ही उठलात आणि माझ्यापुढे कमरेत वाकलात. "तीस वर्षांपूर्वी मीच जोडला होता. लोक माझं नाव बघत राहिले, पंख कोणी बघितला नाही." मग पंख सुलटा बसवून, सांधा वाळेपर्यंत धरायला माझे हात त्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "धरा. हलायचं नाही." माझे हात भरून येतात, आणि तुम्ही मला शब्द शिकवता आहात: झिलई, तडा, सांधा. पुढच्या आठवड्यात खुंटीवर माझ्यासाठी नवा एप्रन होता, माझं आडनाव काताकानात, परक्या नावांच्या लिपीत, लिहिलेला.

आज मी त्याच टेबलाशी बसते. समोर एका घोड्याचे एकोणीस तुकडे आहेत. कान कुठला ते अजून सापडत नाही, पण सापडेल.

हे पत्र तुमच्या मुलीकडे पाठवणार होते, तुमच्या फोटोपुढे ठेवायला. नाही पाठवत. खरं सांगते, आधी जपानीत लिहायला घेतलं होतं. दुसऱ्याच ओळीत आदरार्थी क्रियापद अडलं. तुम्ही चूक काढाल या भीतीने गुपचूप मराठीत लिहीत बसले.