फुलसावंगीच्या घराचे दोन खिळे

मी, श्रीमती हंसाबाई फकिरा मनवर, वय एकाहत्तर, धंदा घरकाम, मुक्काम फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, माझ्या राजीखुशीनं, कोणाच्या सांगण्यावरून नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण लिहायला गुडघे लागत नाहीत. मी चौथीपर्यंत शिकली, त्यामुळे अक्षर गोड मानून घ्यावं. नात मोनालीला हा कागद दाखवला नाही. ज्याला द्यायचं त्याला आधी दाखवू नये असं शेजारचे वामनराव सांगतात. ते तलाठी होते.

पहिली गोष्ट घराची. घर माझ्या नावावर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कोनाड्यात सापडेल. माझे यजमान हवालदार फकिरा मनवर बावीस वर्षं फौजेत होते. त्यातली सोळा वर्षं मी त्यांच्यासंगं सरकारी क्वार्टरमध्ये काढली. अंबाला, जोधपूर, सागर, तेजपूर, अशी नऊ क्वार्टरं. नऊ वेळा सामान बांधलं, नऊ वेळा सोडलं. ज्या बाईनं हे केलं नाही तिनं मला थकली काहून म्हणून विचारू नये. क्वार्टर सोडताना एक बाबू यादी घेऊन यायचा. बल्ब मोजायचा, नळ मोजायचा, काचा मोजायचा, मग भिंतीवरून हात फिरवायचा. खिळ्याचं भोक सापडलं की पगारातून कापायचे. म्हणून आम्ही खिळा ठोकतच नव्हतो. आधीच्या बिऱ्हाडाची भोकं मात्र आम्हीच बुजवायचो, टूथपेस्टनं. वरून चुना.

पेन्शन झाल्यावर हे घर बांधलं. मला वाटलं, आता सुटलो. पण यजमानांनी गवंड्याकडून बुद्ध-बाबासाहेबांसाठी कोनाडा काढून घेतला, खिळा नको म्हणून.

मी म्हटलं, "अवो, घर आपलं हाय ना?"

ते म्हणे, "हाय. पन बदली आली म्हंजे?"

"आता तुमची बदली कोन करते? ग्रामपंचायत?"

हसले नाहीत. फौजेतल्या सामानाच्या चारही ट्रंका मरेपर्यंत भरलेल्या ठेवल्या. रवीच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या लग्नाला चार दिवस नेरला गेलतो, तर वामनरावांना किल्ली देताना यजमानांनी बल्ब-नळांची यादी करून त्यांची सही घेतली. परत आलो तर एक बल्ब कमी. वामनराव म्हणे, "फ्यूज झालता, फेकला." यजमान म्हणे, "फ्यूज झालेला दाखवा." दोन वर्षं बोलणं बंद होतं. तो बल्ब मी या कागदानं माफ करते. वामनरावांना एक नवा बल्ब द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं तेच सांगतात.

यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा फोटो ट्रंकेवर, भिंतीला टेकवून ठेवला होता. दार जोरात लागलं की पालथा पडायचा. मी उचलायची, पुसायची, परत टेकवायची. खिळा ठोकायला माझाही हात उठत नव्हता.

रवी पुण्याला भाड्याच्या फ्लॅटात राहतो. फोनवर त्याचं एकच, "आई, घर विकून टाकू. सामान बांध." बाबा रवी, दुसरं काहीही म्हटलं असतं तर ऐकलं असतं. मी दहाव्यांदा सामान बांधणार नाही. आन तिकडं मालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही, हे तूच सांगितलं.

मोनाली ही रवीची लेक. मागच्या वर्षी इथल्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली आणि माझ्यापाशी राहायला आली. तिसऱ्या दिवशी फोटो पालथा पडला तशी खिळा आणि वरवंटा घेऊन स्टुलावर चढली.

मी ओरडली, "काढ वं पोरी, काढ! भिंत पाह्यतीन ना ते यादीवाले!"

"कोन पाह्यते आजी? घर तुह्यं हाय."

पोपडा निघून माझ्या पायावर पडला. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही. तिनं आजोबांना भिंतीवर लटकवलं, मी परत दाराकडे पाहिलं, तरी कोणी आलं नाही. मग मी आळीत साखर वाटली. बेबीताई म्हणे, "काय वं, नातीचं जमलं काय?" म्हटलं, "नाही, खिळा ठोकला."

म्हणून घर, त्याखालची जागा, आंगण आणि आंगणातला कढीपत्ता मी मोनालीला देते. तिच्या हयातीत कोणी विकायला लावू नये. रवीनं हरकत घेऊ नये. त्यालाही मी बाहेर ठेवत नाही. आतली खोली त्याची आणि सून दिपालीची, केव्हाही आले तरी. आणखी एक. अंबाल्यात पाच वर्षांच्या रवीनं कोळशानं भिंतीवर रेल्वे काढली होती, डब्यांसकट. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी त्याला लाटण्यानं मारलं. ते मारणं मी परत घेते. इथल्या आतल्या खोलीची पूर्वेकडची भिंत त्याला हयातभर दिली. तिच्यावर त्यानं काहीही काढावं, मोनालीनं चुना फिरवू नये.

ट्रंका मी रिकाम्या केल्या आहेत. तीन ट्रंकांत ज्वारी-तूर भरावी. यजमानांचं नाव-नंबर लिहिलेली चौथी मोनालीच्या गोधड्यांना. सामान बांधायला एकही वापरू नये.

माझा फोटो यजमानांच्या बाजूला लावावा. बरोबरीनं, एक बोटही खाली नको. त्यासाठी खिळा मी परवाच माझ्या हातानं ठोकून ठेवला. दोनदा वरवंटा अंगठ्यावर बसला. खिळा वाकडा आहे, तसाच राहू द्यावा. टूथपेस्ट लावू नये.

घर सोडतेवेळी मी मोजून देते ते असं. बल्ब सहा. नळ दोन. काचा शाबूत. खिळे दोन.

खिळ्यांत कमी भरल्यास रवीनं जबाब द्यावा.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून, दोघांच्या देखत सही केली.

सही: हंसाबाई फकिरा मनवर

साक्षीदार:
१. वामनराव गावंडे (बल्ब स्वतः मोजले. सहा बरोबर.)
२. बेबीताई राऊत

ठिकाण: फुलसावंगी
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५