साखरेच्या कपाळावरचं नाव

१२ ऑक्टोबर, दसरा

दसऱ्याला सीमोल्लंघन करावं म्हणतात, मी तर थेट समुद्र गाठला. बार्शीहून रात्रीची एसटी, सकाळी वसई, मग रिक्षा आणि जेवायच्या वेळेला भुईगाव. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना केळी, टोकाला बाबांच्या जुन्या ओळखीच्या एलिसाकाकींचं घर. दारातच त्यांनी ‘विनिता बाय, किती वाळलीस गं’ म्हणून हाताला धरून आत नेलं आणि माशाचं कालवण वाढलं. मी मासे खाते हे बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी उपवास घडला असता.

काकी केक करतात. यंदा मुंबईच्या एका हॉटेलने त्यांच्याकडे तीनशे साखरेच्या कवट्या मागितल्या आहेत. मेक्सिकोत म्हणे मेलेल्या माणसांचा सण असतो. साखरेची कवटी करायची, फुलापानांनी रंगवायची आणि कपाळावर गेलेल्याचं नाव लिहून मांडायची. हॉटेलात २ नोव्हेंबरला तसलीच पार्टी आहे. काकींची बोटं संधिवाताने आखडलीत, म्हणून त्यांना साखर जाणणारी बाई हवी होती. आमच्या घरी तीन पिढ्या पाडव्याच्या गाठी आणि बत्तासे होतात. साखर मला नवऱ्यापेक्षा जास्त कळली; नवरा तर सहा वर्षांपूर्वीच चालता झाला. माझी नऊ वर्षांची रिद्धी दिवाळीची सुट्टी लागली की इकडे येणार आहे. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही, आणि तिच्या तोंडाकडे बघत मी तो पहिल्यांदा बघणार आहे.

१४ ऑक्टोबर

हे काम म्हणजे बिनचुलीचा स्वयंपाक. पाक नाही, तार नाही. साखरेत अंड्याचा पांढरा बलक आणि जरासं पाणी, ओल्या वाळूसारखं झालं की साच्यात दाबायचं, पुठ्ठ्यावर उलटं करायचं, दोन दिवस वाळवायचं. मग कागदाच्या पुंगळीतून आयसिंगने नक्षी आणि नाव. साचा जुना, भाजक्या मातीचा. काकींचा नवरा सॅन्टन बोटीवर होता, त्याने मेक्सिकोहून आणलेला. तो आता हयात नाही.

काकींनी ताकीद एकच दिली: नाव मेलेल्याचंच लिव, जित्याचं लिवू नको. हॉटेलची यादी अजून आलेली नाही, म्हणून सरावाला त्यांनी सिमेट्रीतल्या थडग्यांवरच्या नावांचा कागद दिला. पण आमच्याकडे साखर पोरांच्या गळ्यात घालतात. गोडावर मेल्याचं नाव? माझा हात धजेना. काकी चर्चात मिस्साला गेल्यावर, आल्या दिवशीच दाबून वाळवलेल्या कवट्यांवर मी आपली चालतीबोलती माणसं लिहिली. निर्मळहून साखरेची पोती आणणारा टेम्पोवाला भावेश, ‘ताई, ताई’ करत डोकं खातो, त्याचं एक. रिद्धीची तर इतकी सुरेख उतरली, कपाळावर गुलाबी फुलं, की माझीच तिला दृष्ट लागेल.

साचा हाताला नवा असला की पहिला नग विकायचा नाही, कारागिराने फोडून चाखायचा, ही आमची रीत. त्यावर कृष्णाचं नाव घातलं. आमच्या भट्टीवरचा कृष्णा, निघताना ‘कवट्या करायला चालली बया’ म्हणून खिदळला होता. लाटण्याने टाळूवर एक ठेवून दिला. सरळ तीन तुकडे. गोड होती.

१७ ऑक्टोबर

बाबांचा फोन. कृष्णा गेला. चौदा तारखेला पाकाची कढई साखळीने उचलत होते, साखळी तुटली, कढई डोक्यात. डोक्याचे तीन तुकडे झाले म्हणाले. मला कळवायला त्यांना तीन दिवस धीर झाला नाही.

खूप रडले. माझ्या लग्नात तो सगळ्यांत जास्त नाचला होता. चौदा तारीख आणि तीन तुकडे हे मनातून जात नाही, पण माणूस दुःखात काहीही जोडत बसतो. आज बावीस कवट्या केल्या.

२२ ऑक्टोबर

इथली हवा ओली, साखरेला सारखं पाणी सुटतं. सकाळी भावेशच्या नावाची कवटी उचलली तर खालचा जबडा गळून हातात आला. हसले आणि कोंबड्यांपुढे टाकला.

तासाभराने टेम्पो आला. भावेशने मागच्या फळीची कडी काढली आणि फळी पोत्यांच्या भाराने सुटली ती सरळ त्याच्या तोंडावर. मी चार हातांवर उभी होते. खालचा जबडा एका कातड्यावर लोंबत होता. जीभ नुसतीच हलत होती. तो माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होता, बहुतेक ताईच म्हणत होता. माझ्या पदराने किती रक्त टिपणार? रिक्षात माझ्या मांडीवरच गेला.

माझ्या हाताला अजून त्याच्या रक्ताचा वास आहे. साखरेचाही.

२३ ऑक्टोबर

काकींना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. सॅन्टन दारू पिऊन मारायचा, दोन बरगड्या मोडल्या होत्या. जित्याचं नाव घातलं की कवटीचं होतं तेच माणसाचं होतं, हे साचा आणला तेव्हा त्यानेच सांगितलं होतं. एका दुपारी काकींनी कवटीवर स्वतःचंच नाव लिहिलं, गंमत म्हणून फोडायला नव्हे, मरायचं मनात होतं म्हणून. मग काय वाटलं कोण जाणे, त्याच नावावर सॅन्टनचं नाव गिरवलं आणि कवटी पाट्यावर आपटली. तो छपरावर कौलं बसवत होता. घसरून ओट्याच्या कडेवर तोंडावर आला, जागीच गेला. वरचं नाव लागतं, खालचं सुटतं, हे काकींना तेव्हा कळलं. मेलेल्यांच्या नावाने काहीच होत नाही, म्हणून त्यांनी ही ऑर्डर घेतली. मला आधीच का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, कोणत्या तोंडाने सांगू, बाय?

मी धावत कवट्या ठेवायच्या फळीकडे गेले. रिद्धीची कवटी नाही. काकींच्या भाच्याने, केनीने, पहिल्या शंभर कवट्या, सरावातल्या चांगल्या उतरलेल्या धरून, रविवारीच हॉटेलात पोचवल्या होत्या.

२४ ऑक्टोबर

हॉटेलवाला आत सोडेना. शेवटी सांगितलं की एका कवटीत काच गेली आहे, पाहुण्याच्या घशात जाईल. मग त्याने स्वतःच सगळ्या पेट्या उघडून दिल्या. एकसष्टाव्या पेटीत मिळाली. गुलाबी फुलं.

परतताना मांडीवर धरून बसले. रिक्षा एकदा खड्ड्यात आदळली. घरी येऊन फोन केला तर बाबा म्हणाले, रिद्धी उभ्या उभ्या पडली, गुडघा फुटला.

२७ ऑक्टोबर

बाबा रिद्धीला सोडून गेले. तिला येऊ नको म्हणणार होते मी, पण डोळ्यांआड काही झालं तर? कवटी तांदळाच्या डब्यात, डबा पाण्याच्या परातीत. फोडू शकत नाही. फेकू शकत नाही. विरघळली तर काय होईल, त्याचा विचार करवत नाही.

रिद्धी समुद्रावर खूप हसली. मी समुद्र पाहिलाच नाही.

२९ ऑक्टोबर

डब्यात मुंग्या. पाणी आटलं होतं. डाव्या खोबणीत आत शिरल्या होत्या, लाल मुंग्या. फुंकून, पिसाने, एकेक काढली.

बाहेर रिद्धी ओरडायला लागली. डोळ्यात काहीतरी चावतंय. डावा. डॉक्टर म्हणाला, बुबुळावर जखमा आहेत, बारीक बारीक, खूप.

३० ऑक्टोबर

नाव खरवडायला सुरी लावली. फक्त ‘रि’ची वेलांटी. रिद्धी किंचाळली — कपाळ उभं चिरलेलं, हाड दिसत होतं. सहा टाके.

काकी म्हणाल्या, वर मेलेल्याचं नाव घाल. कृष्णाचं लिहिलं, घसरून गेलं. सॅन्टनचं — घसरलं. भावेशचं — तेही. मेलेल्याचं नाव धरतच नाही.

म्हणजे जिवंत माणसाचंच. एका क्षणात चार नावं मनात आली. केनीचंही आलं, तो समोर रिद्धीला चॉकलेट देत होता. मला माझीच किळस आली. काकींनी छातीवर क्रूस केला आणि बाहेर गेल्या. त्यांचं नाव मी घालू नये, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. राग नाही आला.

विनिता लिहिलं. लगेच धरलं.

३१ ऑक्टोबर

रिद्धीचा डोळा निवळला. दिवा लावायला स्वतः बसली. माझा डावा —

आतून कुरतडतात. मी ओरडत नाही. ती घाबरेल.

१ नोव्हेंबर

डावा डोळा गेला. कपाळावर चीर, तिची होती तिथेच. चालेल. सगळं चालेल. डबा मी जन्मभर सांभाळीन. साखर वीस वर्षं टिकते, कोरडी ठेवली तर. तोवर ती मोठी —

रिद्धीला सांगितलं, डब्याला हात लावायचा नाही. का, ते नाही सांगता आलं. आई साखरेची आहे असं कसं सांगू?

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळ. काकी फुलं, मेणबत्त्या घेऊन सिमेट्रीत गेल्या. कवटीला रात्रभर पाणी सुटलं. मलाही — चादर भिजली, बोटांची कातडी सुटतेय. ऊन दाखवायलाच हवं. अंगणात ताटात ठेवलीय, डाव्या हाताशी. मी शेजारीच. राखण.

रिद्धी झोपलीय.

ऊन छान आहे. अंग हलकं वाटतंय. वाळतेय. रिद्धी, कधी हे वाचलंस तर — आईला वाईट नाही वाटलं, एकदाही नाही. तुझ्यासाठी —

कानामागे काहीतरी — दात —

डावीकडचं मला दिसत नाही —

रिद्धी उभी आहे. ओठांवर साखर. गुलाबी फूल. हसतेय. म्हणते, हिच्यावर तुझं नाव होतं म्हणून, आई, अर्धी तुला ठेव