पहिल्या ग्राहकाच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक माहिती संरक्षण कार्यालय.

विषय : भावाने परस्पर नेलेल्या ग्राहक-नोंदी पुसून मिळणेबाबत.
संदर्भ : "तक्रार घरगुती स्वरूपाची दिसते, खुलासा करावा" हे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार वृद्ध व आजारी माणसांसाठी घरी मदतनीस पुरवणारी छोटी एजन्सी चालवते. धाकटा भाऊ भागीदार होता. ग्राहक वाढले, तसे त्यांची माहिती ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. भावाने तीन पाहून ठेवली होती. पहिले उघडले की घामच फुटे. दुसऱ्यात माणसामागे दोनच ओळी मावत. तिसऱ्यात टिप्पणीची चौकट ऐसपैस होती, म्हणून अर्जदाराने ते पसंत केले. भावालाही तेच हवे होते, कारण त्यातली सगळी यादी एका बटणात बाहेर काढता येते. अर्जदार म्हणाली, बरं झालं, जपून राहील. एवढी भोळी बाई शोधून सापडणार नाही.

२. नोंद करून पाहायला पहिला ग्राहक म्हणून दोघांनी हसत हसत स्वतःच्या आईलाच घातले. टिप्पणीत लिहिले : रात्री घाबरते, हात धरून बसावे लागते. पुढे आई गेली. ती नोंद पुसायला दोघांचेही मन धजले नाही.

३. त्याच चौकटीत अर्जदार लोकांनी विश्वासाने सांगितलेले लिहीत गेली. निवृत्त मास्तरांना मधूनच मुलाचे नाव आठवत नाही, आणि हे मुलाला कळू द्यायचे नाही, हेही लिहिले. मग एके दिवशी भाऊ "जरा वेगळं काम बघतो" म्हणाला, पलीकडच्या गल्लीत स्वतःची एजन्सी थाटली आणि यादी घेऊन गेला. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. आता तिथली मुलगी लोकांना फोन करून त्यांचीच दुखणी वाचून दाखवते आणि मदतनीस हवी का विचारते. मास्तरांकडचा फोन मुलाने उचलला. मास्तर अर्जदाराला एवढेच म्हणाले, "तुम्हाला सांगितलं होतं हो मी." त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चालले असते.

४. आपण विचारता, घरगुती भांडणात कार्यालयाने का पडावे. साहेब, ग्राहक नेले तर नेले, अर्जदार पुन्हा जमवील. पण मागच्या आठवड्यात तो फोन अर्जदारालाच आला. आईच्या नोंदीवर अर्जदाराचाच नंबर आहे. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आई रात्री घाबरतात ना? हात धरून बसणारी बाई आहे आमच्याकडे." त्या बिचारीला काय ठाऊक, ती आपल्या मालकाच्याच आईबद्दल बोलते आहे.

५. तरी बाकी सर्व नोंदी कार्यालयाने पुसाव्यात. आईची मात्र पुसू नये. ती त्याने स्वतःच्या हाताने पुसावी, आणि त्या वेळी अर्जदारास समोर बसू द्यावे, ही विनंती.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
अर्जदार (थोरली बहीण)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.
सोबत : काही नाही. होते ते सगळे त्याच्याकडे आहे.