रांगोळीने घासलेलं नाणं

नेवासा, पाडवा, संध्याकाळ

संजूच्या डोक्याला नऊ टाके पडले, पण कवटी शाबूत आहे. आत्ताच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मारणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ, आमचा शेजारी पोपट. कारण काय, तर नाणं! टांकसाळीने मोजकीच काढलेली चांदीची नाणी. पुढे भाव चढेल असं मी पेपरातल्या माझ्या लेखात लिहिलं, ते वाचून पोपटने एक घेतलं. काल लक्ष्मीपूजनाला संजूने सीलबंद पाकीट फोडून ते काढलं आणि रांगोळीने खसाखसा घासलं. देवीपुढे काळपट कसं ठेवायचं?

आज पोपटने त्यावरचे ओरखडे पाहिले आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. "वाटुळं केलंस रं माझं!" दोन घाव डोक्यात. फराळाला मी तिथेच होतो; तिसरा मनगटावर झेलला. संजूच्या नखांत अजून रांगोळी होती, तिच्यावरून रक्त ओघळत होतं.

नंतर पुण्यातल्या नाणेविक्रेत्याला फोन केला. तो हसला. "सीलबंद असतं तरी घेतल्या किमतीला गेलं नसतं, साहेब. नाणी मोजकी, पण गिऱ्हाईक त्याहून मोजकं." हा फोन लेखाआधी का केला नाही मी? नखांतली ती रांगोळी डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या सकाळी पोलीस जबाब घेतील. संजू म्हणाला, "मोरीत घसरलो म्हणून सांगतो. उद्या भाऊबीज हाय, ताई दोघांना ओवाळणार. ती सासरी गेली की दादाचा हात मोडतो."

हसला नाही तो.