दारातली आई

प्रिय प्रज्ञास,
कोचीनहून तुझ्या दादाचा सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. स्टुडिओत रोज काम आहे, इथलं जेवणही आता अंगवळणी पडलंय. अण्णांचा खोकला थांबला का? कांदा काढून झाला?

पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. तेव्हा लावायला तू तिचा फोटो मागितलास आणि मी तीनदा विषय बदलला. फोनवर बोलवेना, म्हणून माझा जुना कॅमेरा तुला पाठवतोय, त्याच्या बॅगेत ही चिठ्ठी ठेवतोय.

आधारकार्डावरचा सोडला तर माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे. तू नर्सच्या पहिल्या ड्रेसमध्ये अंगणात उभी होतीस, तो. पन्नासची लेन्स तेव्हा नवी होती आणि मागचं सगळं धूसर करायचं मला लई वेड. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पार १.८ पर्यंत उघडलं; आकडा जितका लहान, तितकं मागचं धूसर. तुझी पापणी न् पापणी आली. मागं दारात आई होती, तिच्या हिरव्या साडीचा नुसता डाग झालाय. कॉम्प्युटरवर किती खटपट केली, चेहरा निघत नाही. आठवर ठेवलं असतं तर तिचं हसूसुद्धा आलं असतं.

बॅगेत कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स आहे. अ‍ॅपर्चरचा आकडा आठवर ठेव आणि उन्हात अण्णांचा फोटो काढ. नको म्हणतील, तरी काढ.

त्या दिवशी आईनं विचारलं होतं, "मी मधी येतीय का रं?"

मी म्हणालो, "राहू दे गं, तू काय दिसणार न्हाईस."

तुझा दादा,
रत्नदीप