हातचा नेहमी डोक्यावर

छत्रीबाग, इंदूर
शुक्रवार, दुपारचा चहा झाल्यावर

चि. सौ. मनू हिस,

दादाचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळे. गुडघा कसा आहे? मागे तू म्हणालीस की जिना उतरताना कुरकुरतो. माझा सपाटीवरसुद्धा बोलतो, तेव्हा तू अजून लहानच आहेस असं समज. अशोकरावांना सविनय नमस्कार. त्यांची साखर आटोक्यात असेलच. (ते चोरून चिवडा खातात आणि चिवड्यात साखर नसते असं डॉक्टरांना सांगतात, हे मला ठाऊक आहे. असते.) इकडे मी बिलकुल ठीक. नवी कवळी बसली, फक्त 'ष' म्हणताना शिट्टी वाजते, त्यामुळे हृषीकेशला हाक मारली की गल्लीतला कुत्रा आधी येतो.

आता तू म्हणशील, फोन सोडून हा पत्राचा चक्कर कशाला? तर आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत पडली आहे. मी इथे 'मनू' म्हटलं की स्वयंपाकघरातून सूनबाई पूर्णिमा 'आत्या, नमस्कार' म्हणते आणि वरच्या मजल्यावरून चिरंजीव आपलं मत देतात. आणि जे सांगायचं आहे ते असं चारचौघांत सांगण्यासारखं नाही. थोडं लाजेचं आहे.

मंगळवारी हृषीकेशने तुला फोन करून ओरडून सांगितलं की यामिनीला कॉलेजात पहिली पसंती मिळाली. तू त्याच संध्याकाळी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेस, आणि नातीसाठी मागची खोली रिकामी करून नवी गादीसुद्धा भरून घेतलीस, असं कळलं. पेढे तर आता परत मागता येणार नाहीत. पण मनू, पोरीला जी पहिली पसंती मिळाली ती पुण्याची नाही. इथली आहे. आपल्या घरून सिटी बसने वीस मिनिटं. आणि ही गडबड सर्वस्वी माझ्यामुळे झाली. शांतपणे ऐक.

हल्ली बारावीनंतर कॉम्प्युटरवर यादी भरतात. सगळ्यात हवं ते कॉलेज एक नंबरला, मग दोन, मग तीन, अशी उतरत जायची. यादी एकदा 'लॉक' केली की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. हृषीकेशने (पीथमपूरच्या कारखान्यात लोकांचा माल तपासतो, तीच नजर घरीही लावतो) एक महिना खपून सव्वीस नावांची यादी केली, छापली आणि फ्रिजवर चिकटवली. एक नंबरला पुण्याचं कॉम्प्युटरचं कॉलेज, तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचं. आणि सव्वीस नंबरला, अगदी तळाला, इंदूरचं फूड टेक्नॉलॉजीचं. कुठेच जमलं नाही तर असावं म्हणून ठेवलेलं. तो त्याला 'सेफ्टी' म्हणायचा. मी म्हटलं, अरे, मराठीत याला हातचं म्हणतात. झालं, घरात सगळेच त्याला हातचं कॉलेज म्हणायला लागले, आणि तिथेच घात झाला.

लॉक करायच्या दिवशी हृषीकेशला ऑफिसने भोपाळला धाडलं. जाताना मला म्हणाला, बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर, पोरीच्या शेजारी बसा, नंबर इकडचे तिकडे होऊ देऊ नका. मी बसलो. मुदत पाचची. साडेचारला पूर्णिमाने भुट्ट्याचा कीस आणून दिला, गरम, वर लिंबू, ओलं खोबरं. आता तूच सांग, कीस हातात असताना माणसाचं लक्ष कुठे असतं? चष्मा कपाळावर, बशी नाकाखाली. तेवढ्यात यामिनी विचारती झाली, 'आजोबा, हातचं कुठे लिहू?' आणि माझ्या तोंडून, छत्तीस वर्षं चौथी-पाचवीला जे घोकून घेतलं तेच निघालं: 'हातचा नेहमी डोक्यावर लिहायचा!' ती म्हणाली, नक्की? मी उलट चिडलो. म्हटलं, ज्यांनी डोक्यावर लिहिला नाही ते सगळे नापास झालेत, पाहिजे तर तुझ्या बापाला विचार. (खरंच आहे. चौथीत तो माझ्याच वर्गात होता आणि दर बेरजेत हातचा विसरायचा. पोराला शून्य देताना बापाच्या हाताला काय होतं ते तुला नाही कळायचं.) तिने सव्वीस नंबरवालं उचलून एक नंबरला ठेवलं आणि लॉक केलं. मी आणखी थोडा कीस मागितला.

पुढचं तर तमाशा आहे. मंगळवारी मोबाइलवर नुसतं आलं, अभिनंदन, तुम्हाला पहिली पसंती मिळाली आहे. हृषीकेश खालचं वाचायला थांबलाच नाही. मोहल्लाभर जिलब्या, तुला फोन, ऑफिसात फोन. मग चहा घेताना चष्मा लावून त्याने कॉलेजचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पेपरमध्ये तोंड घातलं, तो उलटा होता.

दुसऱ्या दिवशी तो मदत केंद्रावर भांडायला गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, 'भिया, लोग तो पहली पसंद नहीं मिली इसलिए रोते हैं, आप मिलने पे रो रहे हो?' पहिली पसंती मिळालेल्याला पुढच्या फेरीत घेत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एकच रस्ता आहे म्हणे. ही जागा पुढच्या शनिवारच्या आत सोडून द्यायची आणि मग शेवटच्या फेरीत उरलंसुरलं जे मिळेल ते घ्यायचं. हृषीकेश तेच करायला निघाला आहे. म्हणतो, पुण्यात कुठलंही चालेल, आत्याची खोली तर तयार आहे. मला सकाळपासून 'बाबा' न म्हणता 'अहो' म्हणतो आहे, पूर्णिमा त्याला म्हणते तसं. मला फार वाईट वाटतं गं.

यामिनी रडत नाही, त्यामुळे पूर्णिमा जास्त घाबरली आहे. पोरगी आपली खिडकीतल्या बरण्या पुसत बसते. बरण्यांचं तुला सांगितलं का? आपलं पोह्यांवर भुरभुरायचं मसाल्याचं जीरावन पावसाळ्यात सादळतं, वास उडतो, तो का उडतो हे शोधायला तिने सोळा बरण्या मांडल्यात, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. मी एकदा चुकून सात नंबरची पोह्यांवर घातली तर तीन दिवस बोलली नाही. असो. तर गादीचं वाईट वाटून घेऊ नकोस, अशोकरावांना दुपारी लवंडायला होईल. चूक माझी, वयाची, आणि थोडी किसाची. पोटात घाल.

तुझा, आयुष्यभर गणितात न चुकलेला आणि आता घरात तोंड लपवून हिंडणारा,
दादा (शरदचंद्र)

ता. क. सोबत जीरावनाची अकरा नंबरची बरणी पाठवतो आहे. तुमच्याकडे पोह्यांवर शेव नाही, जीरावन नाही, मग खाता तरी काय देव जाणे. उघडून वास घे आणि सादळलं का ते कळव. पोरगी वहीत लिहून ठेवणार आहे.

ता. क. दुसरा. एक छोटं काम होतं. पुढच्या शनिवारच्या आत हृषीकेशला फोन कर आणि सांग की खोली आता नाही. गुडघ्याचं ऑपरेशन म्हण, अशोकरावांची बहीण राहायला आली म्हण, काहीही म्हण. खोली नसेल तर तो जागा सोडणार नाही. माझं ऐकत नाही, पण तू दटावलंस की अजून हाफ पँटमध्ये असल्यासारखा उभा राहतो.

ता. क. तिसरा, हा अशोकरावांना वाचून दाखवू नकोस, ते मोठ्याने वाचतात. चष्मा कपाळावर नव्हता. यामिनीने मला जूनमध्येच लालबागेत फिरताना सांगितलं होतं की तिला तेच सव्वीस नंबरवालं हवं आहे. म्हणाली, आजोबा, खाण्याचं शिकायला इंदूर सोडून कोणी जातं का? मी खूप हसलो, मग घरी येईपर्यंत विचार केला. ती बोलली असती तर महिनाभर सगळ्यांनी तिला समजावलं असतं, आणि शेवटी ती समजली असती. म्हाताऱ्याच्या चुकीला कोण काय समजावणार? म्हणून हातच्याची युक्ती माझी. तिने फक्त ठरल्याप्रमाणे पूर्णिमाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

तुला आठवत असेल, तुला वनस्पतीशास्त्र घ्यायचं होतं. नानांनी कॉलेजच्या फॉर्मवर गृहविज्ञान लिहिलं, कारण त्यात नापास होत नाहीत. तू माझ्याकडे बघितलंस. मी नोकरीला होतो, बोललो असतो तर नानांनी ऐकलं असतं. मी काही बोललो नाही. आणि मनू, तेव्हा मला चष्मासुद्धा नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

फोन नक्की कर. स्पीकरवर असेल, तेव्हा जोरात सांग.